तुमच्या केंद्राची ओळ

निवडणुकीचा निकाल लागतो, गुलाल उधळून होतो, मंत्रिमंडळाच्या बातम्या सुरू होतात आणि त्या गडबडीत एक कागद फारसा गाजावाजा न होता सगळ्यांसाठी खुला होतो. त्याचं नाव 'नमुना २०'. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो कुणालाही उघडून पाहता येतो. डावीकडे मतदान केंद्राचा क्रमांक, पुढे एकेका उमेदवाराचा रकाना, मग 'वरीलपैकी कोणीही नाही' म्हणजे नोटाचा, आणि शेवटी बेरीज. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात १,००,१८६ मतदान केंद्रं होती आणि मतदार साधारण ९ कोटी ७० लाख. म्हणजे एका केंद्रामागे हजाराच्या आत-बाहेर माणसं. शहरात तीन-चार सोसायट्या किंवा एखादी मोठी चाळ, खेड्यात एक लहान गाव किंवा मोठ्या गावातली एखादी आळी. नमुना २० मध्ये यातल्या प्रत्येकाची एक ओळ असते. राजकारणात मुरलेला कार्यकर्ता हा कागद वर्तमानपत्रातल्या निकालापेक्षा जास्त बारकाईने वाचतो. कोण जिंकलं ते त्याला ठाऊकच असतं. त्याला पाहायचं असतं ते कुठल्या वस्तीतून किती मतं निघाली हे. 'मतं निघाली' हा त्याचाच शब्द. विहिरीतून पाणी शेंदावं तशी मतं घराघरांतून शेंदावी लागतात, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही.

माझं सगळं म्हणणं या एका ओळीवर उभं आहे. आपण कुणाला मत दिलं हे गुप्त असतं आणि ते गुप्तच राहायला हवं. पण आपण मत द्यायला गेलो की नाही, हे गुप्त नसतं. मतदान केंद्राच्या खोलीत काय घडतं ते आठवून पाहा. पहिला मतदान अधिकारी आपलं नाव आणि यादीतला क्रमांक मोठ्याने उच्चारतो. बाकावर बसलेल्या पोलिंग एजंटांना ऐकू जावं म्हणूनच तो मोठ्याने बोलतो. यादीत आपल्या नावावर रेघ पडते. एजंट आपापल्या प्रतीत तीच खूण करतात. दुसऱ्या टेबलावर नोंदवहीत सही होते, डाव्या तर्जनीला शाई लागते. मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपण एकटे असतो आणि तिथून पुढचं कुणालाही कळत नाही. बाहेर ठरावीक अंतरावर पक्षांची टेबलं मांडलेली असतात. दुपार कलली की तिथल्या यादीतली कोरी नावं मोजली जातात आणि कुणीतरी पोरगा स्कूटरवरून त्या घरांकडे पिटाळला जातो. दिवस संपता संपता कुठली इमारत रांगेत आली आणि कुठली घरीच बसली, हे त्या टेबलावर बसणाऱ्यांना पाठ झालेलं असतं. पुढच्या पाच वर्षांत त्याच इमारतीचा माणूस गटाराची तक्रार घेऊन जातो, तेव्हा समोरच्याच्या डोक्यात ही यादी असते.

मतदानाचं आवाहन करताना एरवी वेगळा युक्तिवाद केला जातो: तुमचं एक मत निकाल फिरवू शकतं. त्याला पुरावेही आहेत. २०१७च्या मुंबई महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शहा या दोघांनाही ५,९४६ मतं पडली. फेरमोजणी झाली, तरी बरोबरी सुटेना. शेवटी चिठ्ठी काढावी लागली आणि शहा नगरसेवक झाले. त्या निकालानंतर पालिकेत दोन्ही पक्षांचं संख्याबळ ८४ आणि ८२ असं होतं. हे पाहिलं की चिठ्ठीचं वजन कळतं. त्या प्रभागातली एखादी व्यक्ती मतदान संपायच्या आधी पायात चपला सरकवून खाली उतरली असती, तर चिठ्ठीची वेळच आली नसती. २०२४च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. तिथे मत न दिलेल्यांची संख्या सात लाखांच्या वर होती. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी, साकोलीचा २०८ मतांनी आणि बेलापूरचा ३७७ मतांनी लागला. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ साली सी. पी. जोशी एका मताने हरले. तेव्हा ते प्रदेश काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि मुख्यमंत्रिपदासाठी त्यांचं नाव घेतलं जात होतं.

तरीही हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही, आणि तो पुरेसा आहे असं भासवणं मतदाराशी प्रामाणिकपणाचं नाही. २८८ जागांपैकी हजार मतांच्या आत लागलेले निकाल हाताच्या बोटांवर मोजता येतात. बाकीच्या ठिकाणी पाच हजार, पन्नास हजार, लाखभर मतांचं अंतर असतं. तिथला मतदार म्हणाला की 'माझ्या एका मताने काय होतंय', तर हिशेब म्हणून त्याचं बोलणं खोटं नसतं. त्याला नाथद्वाऱ्याची गोष्ट सांगणं म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो दाखवून तिकीट विकण्यासारखं आहे. त्याला द्यायचं उत्तर वेगळं आहे. निवडणूक एकाच प्रश्नाचा निकाल लावत नाही. कोण जिंकलं हा पहिला प्रश्न. कोण आलं होतं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा आपल्या एका मताने बदलत नाही. दुसऱ्याच्या उत्तरात मात्र प्रत्येक मत जसंच्या तसं मोजलं जातं, मग अंतर लाखाचं असो की अठ्ठेचाळीसचं. आणि सत्ता कुणासाठी राबते हे या दुसऱ्या प्रश्नावर बरंच अवलंबून असतं.

हे केवळ तर्काने म्हणायचं नाही. ब्राझीलमध्ये नव्वदीच्या दशकापर्यंत मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक हाताने लिहावा लागे. जेमतेम अक्षरओळख असलेल्या लाखो गरिबांची मतं त्यामुळे बाद होत. १९९८ साली ४०,५०० पेक्षा जास्त मतदार असलेल्या गावा-शहरांत मतदान यंत्रं आली. क्रमांक दाबला की उमेदवाराचा फोटो समोर दिसे. बाकीच्या ठिकाणी कागदच राहिला. २००२ मध्ये यंत्रं सगळीकडे पोहोचली. प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ थॉमस फुजिवारा यांनी या टप्प्याटप्प्याने झालेल्या बदलाचा अभ्यास केला. एरवी बाद झाली असती अशी दहा टक्क्यांहून जास्त मतं आता मोजली जाऊ लागली होती, आणि ती बहुतांशी कमी शिकलेल्यांची होती. त्यानंतर राज्य सरकारांच्या खर्चात आरोग्याचा वाटा वाढला, कमी शिकलेल्या बायकांच्या गरोदरपणातल्या तपासण्या वाढल्या आणि त्यांच्या पोटी कमी वजनाची मुलं जन्मण्याचं प्रमाण घटलं. मेळावा नाही, मोर्चा नाही. मोजली न जाणारी माणसं मोजली जाऊ लागली एवढंच घडलं होतं. अमेरिकेतल्या राज्यांनी बायकांना एकामागोमाग एक मताधिकार दिला तेव्हाही असंच झालं. ग्रँट मिलर यांच्या अभ्यासानुसार, अधिकार मिळाल्यानंतर त्या राज्यांतले बालमृत्यू ८ ते १५ टक्क्यांनी कमी झाले, कारण सार्वजनिक आरोग्यावर आणि स्वच्छतेवर पैसा खर्च होऊ लागला. आपल्याकडे १९६२च्या लोकसभा निवडणुकीत पुरुषांचं मतदान ६३ टक्के होतं आणि बायकांचं ४७ टक्क्यांच्याही आत. २०१९ मध्ये बायका पहिल्यांदा पुरुषांच्या पुढे गेल्या, ६७.१८ विरुद्ध ६७.०१. आज बायकांसाठी वेगळं पान नसलेला जाहीरनामा काढायची कुठल्याही पक्षाची हिंमत नाही. महाराष्ट्रातली लाडकी बहीण योजना चांगली की वाईट, तिजोरीला परवडणारी की नाही, यावर खुशाल वाद घालावा. पण १९६२च्या त्या आकड्यांच्या काळात अशी योजना कुणाला सुचली नसती, यावर दुमत होऊ नये.

गैरहजेरीची किंमत उघडी करून दाखवणारी एक निवडणूक आपल्याच राज्यात होते आणि शहरातल्या फार थोड्या लोकांना तिची माहिती असते. तिला 'उभी बाटली, आडवी बाटली' म्हणतात. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं असेल तर आधी एकूण महिला मतदारांपैकी किमान पाव हिश्श्याने सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. गावोगाव चालत आलेल्या नियमातली खरी मेख मोजणीत आहे. पडलेल्या मतांपैकी निम्मी आडव्या बाटलीला मिळून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. समजा गावात हजार बायका मतदार आहेत. सहाशे आल्या. ४८० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, १२० जणींनी उभ्या. चौपट फरक पडला, तरी दुकान चालूच राहतं, कारण ४८० हा आकडा हजाराच्या निम्म्याहून कमी आहे. घरी राहिलेल्या चारशे जणींमध्ये काही आजारी असतील, काही रोजंदारीवर गेल्या असतील, काहींना नवऱ्याने उंबरा ओलांडू दिला नसेल, काहींना वाटलं असेल की बाकीच्या जातीलच. हिशेबाच्या कागदावर यातला एकही फरक उमटत नाही. त्या चारशेच्या चारशे जणी दुकानाच्या बाजूला मोजल्या जातात. म्हणून बाटलीच्या मतदानाआधी गावातल्या बायका वाडी-वस्तीवर फिरतात, म्हाताऱ्यांना धरून आणतात, माहेरी गेलेल्या सुनांना निरोप धाडतात. विधानसभेच्या आणि महापालिकेच्या निवडणुकीत गैरहजेरीची किंमत अशी कायद्यात लिहिलेली नसते. पण वसूल ती तिथेही होते.

आता शहरांकडे वळू. २०२४च्या विधानसभेला राज्याचं मतदान ६६ टक्क्यांच्या आसपास झालं. गडचिरोली जिल्ह्यात ते ७५ टक्क्यांवर गेलं. तिथे काही केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने पोहोचवावे लागतात आणि सुरक्षेपायी मतदान दुपारी तीनलाच संपतं. मुंबई शहर जिल्हा ५२ टक्क्यांवर राहिला. कुलाबा मतदारसंघात तर ४४ टक्केच मतदान झालं. विधान भवन आणि मंत्रालय ज्याच्या हद्दीत आहेत, असा हा मतदारसंघ. आयोगाने मतदानासाठी मुद्दाम बुधवार निवडला होता, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी होऊ नये म्हणून. मोठ्या गृहसंकुलांच्या आवारात केंद्रं उघडली होती. कामगारांना त्या दिवशी भरपगारी सुट्टी देण्याचं बंधन लोकप्रतिनिधित्व कायद्यातच आहे. इतकं करून निम्मी दक्षिण मुंबई आलीच नाही. यात एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. शहरांच्या मतदार याद्या सडलेल्या आहेत. वारलेली, घर बदलून गेलेली, दोन ठिकाणी नोंदलेली नावं त्यांत वर्षानुवर्षं राहतात आणि त्यामुळे टक्केवारी खऱ्यापेक्षा कमी दिसते. २० मे २०२४ रोजी लोकसभेच्या वेळी मुंबईत लोक कडक उन्हात तासन् तास रांगेत उभे होते आणि काही जण कंटाळून परत गेले, हेही खरं. तो दोष यंत्रणेचा. पण सडकी यादी आणि संथ रांग यांच्या खात्यात सगळी तूट टाकता येत नाही.

शहरी मध्यमवर्गाचं न बोललेलं कारण निराळं आहे. त्याला वाटतं, सरकारवाचून आपलं अडत नाही. पाणी आलं नाही तर टँकर मागवतो, शाळा खाजगी, दवाखाना खाजगी, वीज गेली तर इन्व्हर्टर, चोरीची भीती म्हणून गेटवर रखवालदार. खेड्यातल्या माणसाचं तलाठी, रेशन, शेततळं, टँकर यांच्यावाचून पानही हलत नाही, म्हणून तो मतदानाला जातो. हा समज अर्धाच खरा आहे. पदपथ विकत घेता येत नाही. नाल्याची सफाई, पावसाळ्यात तुंबणारं पाणी, हवेतली धूळ, अग्निशमन दल, कचराभूमी, शेजारी उठणाऱ्या टॉवरची परवानगी यांतलं काहीच सोसायटीच्या वर्गणीतून मिळत नाही. मुंबई महापालिकेचं २०२५-२६चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं. ते मांडलं प्रशासकाने आणि मंजूर केलंही प्रशासकानेच, कारण पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ शहरात लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. पुण्याचीही तीच गत होती. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभागांची संख्या आणि रचना यांवरून निवडणुका लटकल्या. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत त्या घ्या असा आदेश दिला. कायदेशीर कारणं होती हे मान्य. पण देशातल्या सगळ्यात श्रीमंत पालिकेत इतकी वर्षं लोकप्रतिनिधी नव्हता आणि त्यासाठी रस्त्यावर गर्दी उतरली नाही, याचा अर्थ काय घ्यायचा? माझा निष्कर्ष असा: निम्म्या लोकांना जिची आठवण होत नाही, ती निवडणूक लांबली तरी कुणाला तिची किंमत मोजावी लागत नाही. ज्या गावात ग्रामपंचायतीला नव्वद टक्के मतदान होतं, तिथे असं करून पाहायला सरकार दहादा विचार करेल.

यावर हटकून येणारा आक्षेप म्हणजे उमेदवार सगळे सारखेच, मग कुणासाठी जायचं? पक्ष फुटतात, आमदार रातोरात बाजू बदलतात, काल एकमेकांना शिव्या देणारे आज एका व्यासपीठावर बसतात. महाराष्ट्राच्या मतदाराने २०१९ नंतर जे पाहिलं, त्यावरून त्याला उबग आला असेल तर त्याला दोष देणाऱ्यांपैकी मी नाही. पण उबग आलेल्या माणसासाठीच यंत्रावर शेवटचं बटण आहे. २७ सप्टेंबर २०१३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ते मिळालं. २०१९च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये नोटाला २७,५०० मतं पडली आणि नोटा दुसऱ्या क्रमांकावर आली. पलूस-कडेगावातही २०,६३१ मतं घेऊन नोटाच दुसरी होती. त्या मतदारसंघांची नावं आजही घेतली जातात. त्यांच्याइतकेच वैतागलेले, पण घरी बसलेले लाखो लोक राज्यभर होते. त्यांची नोंद कुठे आहे? आळशी, आजारी, गावाला गेलेला, मेलेला आणि संतापलेला, सगळे त्या एका वजाबाकीत गडप झाले. विधानसभा-लोकसभेत नोटाला कितीही मतं पडली तरी उमेदवारांत पुढे असलेलाच निवडून येतो, ही उणीव आहेच. पण महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत नोटाला सगळ्यात जास्त मतं मिळाली, तर ती निवडणूक पुन्हा घ्यायची. असा आदेश काढण्यात आपलं राज्य पहिलं. म्हणजे आपल्या वॉर्डात राग व्यक्त करण्याला दात आहेत, फक्त ते वापरायला केंद्रापर्यंत जावं लागतं.

दुसरा आक्षेप पैशाचा. आदल्या रात्री पाकिटं फिरतात, मग आमच्या प्रामाणिक मताला काय अर्थ? इथे साधं गणित करून पाहावं. ४०,००० मतदारांचा प्रभाग धरू. कुणीतरी ३,००० मतं विकत घेतली. ८० टक्के मतदान झालं तर एकूण मतं ३२,००० आणि विकत घेतलेला वाटा दहाव्या हिश्श्याहून कमी. ४५ टक्के झालं तर मतं १८,००० आणि तोच वाटा सहावा हिस्सा. चौरंगी लढतीत एवढ्यावर निवडणूक निघते. पैसे घेतलेला माणूस घरी राहत नाही, त्याला न्यायला गाडी येते. घरी राहतो तो पैसे न घेतलेला. म्हणजे भ्रष्टाचाराला कंटाळून मत न देणारा माणूस भ्रष्टाचाऱ्याचा खर्च कमी करून देतो. त्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. परिणाम मात्र हाच होतो.

मत न देणं हाही हक्कच नाही का, असं विचारणाऱ्यांशी मी सहमत आहे. सक्ती नको. ऑस्ट्रेलियाने १९२४ साली कायदा करून मतदान सक्तीचं केलं. १९२२ मध्ये साठ टक्क्यांच्या आत असलेलं मतदान १९२५ला ९१ टक्क्यांवर गेलं आणि आजही न जाणाऱ्याला २० डॉलरचा दंड होतो. गुजरातने स्थानिक निवडणुकांसाठी तसाच कायदा केला, तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये त्याला स्थगिती दिली. आपल्यासारख्या देशात दंडाची पावती सगळ्यात आधी रोजंदारीवरच्या माणसाच्या हातात पडेल, म्हणून ती स्थगिती मला योग्य वाटते. पण हक्क आहे म्हणून तो वापरला की त्यातून काही बोललं जातं, असं नाही. मौन बाळगायचा हक्क सगळ्यांनाच आहे. त्या मौनाचा अर्थ मात्र ऐकणारा लावतो, आणि सत्तेत बसलेला माणूस तो नेहमी आपल्या सोयीचाच लावतो.

सगळ्यात गंभीर आक्षेप माझ्याच युक्तिवादावर येतो. केंद्रनिहाय आकडे उघड असतील तर त्यांचा धाक दाखवायलाही उपयोग होतो. तुमच्या गावाने साथ दिली नाही, आता पाण्याला विचारू नका, ही भाषा महाराष्ट्राला नवी नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत असत. यंत्रं आल्यावर प्रत्येक केंद्राचा कल स्वच्छ दिसू लागला. यंत्रांचे आकडे एकत्र करून बेरीज दाखवणारं 'टोटलायझर' हे उपकरण आयोगाने २००८ साली सुचवलं, विधी आयोगानेही २०१५च्या २५५व्या अहवालात त्याची शिफारस केली. ते अजून आलेलं नाही. ते यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. कुणाला किती मतं हे केंद्रागणिक झाकलं गेलं, तरी किती लोक आले हे मोजलं जाईलच. तोवर धाकाचं उत्तर काय? कमी मतदान झालेल्या वस्तीला धाक घालणंही सोपं आणि विसरणंही सोपं. जिथे नव्वद टक्के लोक येतात आणि मतं चौघांत वाटली जातात, त्या वस्तीला दुखावणं चौघांपैकी कुणालाच परवडत नाही. यंत्रावर विश्वास नाही म्हणणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे की अविश्वासाचं औषध खोलीच्या आत आहे. सकाळी मतदान सुरू होण्याआधी एजंटांसमोर किमान पन्नास मतांचं अभिरूप मतदान होतं, प्रत्येक मताची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते, संध्याकाळी एकूण मतांचा 'नमुना १७-सी' एजंटांच्या हातात द्यावा लागतो. हे सगळं तपासायला माणसं लागतात. घरी बसून संशय घेता येतो, पडताळा घेता येत नाही.

मतदानाला न येणारे सगळे एकाच मापाने मोजू नयेत, हेही तितक्याच कळकळीने सांगायला हवं. २०२४ मध्ये विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला होतं आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होणार होता. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ट्रॅक्टर दारात आला की पोराबाळांसह निघावं लागतं. मतदान गावाकडे, पोट उसाच्या फडात. बाहेरगावी असलेल्या मतदारांसाठी दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना आयोगाने २०२२च्या अखेरीस जाहीर केला, पण ते यंत्र अजून फडापर्यंत पोहोचलेलं नाही. सैनिकाला टपाली मत आहे, पंचाऐंशी वर्षांपुढच्या वृद्धांना घरी बसून मत देता येतं, आणि ते योग्यच आहे. कोयत्याला मात्र काहीच नाही. मुंबईच्या उंच इमारतीतून खाली न उतरलेला माणूस आणि फडात अडकलेली बाई यांची टक्केवारीच्या आकड्यात एकच जागा आहे, आणि मला हा अन्याय वाटतो. जे सहज येऊ शकतात ते येत नाहीत, म्हणून जे येऊच शकत नाहीत त्यांच्यासाठी यंत्रणा वाकवण्याची निकड कुणाला वाटत नाही, असाही याचा एक पदर आहे.

आपल्याला हा अधिकार फार स्वस्तात मिळाला, असं कुणी म्हणतं तेव्हा मला यादीची आठवण होते. १९३५च्या कायद्याखाली मत होतं ते जमीन, कर, शिक्षण यांच्या अटींत बसणाऱ्यांना, सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात साधारण तीन-साडेतीन कोटी लोकांना. प्रत्येक प्रौढाला मत हवं अशी मागणी डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्येच सायमन कमिशनपुढे लेखी केली होती. ती संविधानाच्या ३२६व्या कलमात उतरली. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १७ कोटींहून अधिक नावांची यादी तयार झाली, तेव्हा पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर एक अडचण आली. अनेक राज्यांत बायका परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायला तयार नव्हत्या. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशा नोंदी झाल्या होत्या. सेन यांनी त्या मान्य केल्या नाहीत. मतदार ही व्यक्ती आहे, तिला स्वतःचं नाव हवं. सुमारे २८ लाख बायकांची नावं त्या वेळी गळली आणि मोठा गहजब झाला. पण पुढच्या निवडणुकीपर्यंत त्यांतल्या बहुतेकींची नावं यादीत आली, त्यांची स्वतःची.

तेव्हा हा अंक हातावेगळा करायच्या आधी एक काम करा. यादीत आपलं नाव शोधा, घरातल्या प्रत्येकाचं शोधा. नसेल तर अर्ज क्रमांक ६ भरा, पत्ता बदलला असेल तर ८, घरातलं कुणी वारलं असेल तर त्यांचं नाव काढण्यासाठी ७. आता वर्षातून चार तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. यातल्या ज्या तारखेपर्यंत मुलगा किंवा मुलगी अठराची होईल, तेव्हापासून नाव लागतं. मतदानाच्या दिवशी सकाळीच जाऊन या. निवडणूक विधानसभेची किंवा लोकसभेची असेल तर निकालानंतर, गुलाल वाळला की, नमुना २० उघडा, आपल्या केंद्राचा क्रमांक शोधा, आणि त्या ओळीच्या शेवटची बेरीज आपल्या यादीतल्या नावांशी ताडून पाहा.